विवाहप्रथांचे सातत्य : दक्षिण कोकण

विवाहप्रथांचे सातत्य : शिक्षणाचा प्रसार, नागरीकरण, नवे व्यवसाय व वैधानिक सुधारणा यांमुळे समाजजीवनाची इतर अंगे पालटत असतानाही विवाह जुळविण्याच्या व साजरा करण्याच्या रूढी पुष्कळ अंशी टिकून राहतात. या सामाजिक घटनेस विवाहप्रथांचे सातत्य असे म्हणता येईल. अज्ञान गेले की रूढी आपोआप गळून पडतील, अशी एकोणिसाव्या शतकातील अनेक सुधारकांची अपेक्षा होती. ती अंशतःच फलद्रूप झाली. बालविवाह, विधवांचे केशवपन, बहुपत्नीकत्व यांसारख्या काही चाली नष्ट वा क्षीण झाल्या; परंतु जातीअंतर्गत विवाह, वडीलधाऱ्यांनी स्थळ पाहणे, देण्याघेण्याचे व्यवहार, मानपान आणि विधींचा विस्तार या गोष्टी सुशिक्षित कुटुंबांतही आढळतात. काही प्रथा मोडल्या आणि काही टिकल्या, असे का झाले हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. प्रस्तुत नोंदीत त्याचा विचार सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खारेपाटण व मालवण किनाऱ्याचा परिसर यांच्या अनुरोधाने केला आहे. साक्षरता व स्थलांतर या दोन्ही बाबतींत हा प्रदेश पुढारलेला असल्याने शिक्षणाचा व आधुनिकीकरणाचा विवाहप्रथांवर कोणता परिणाम होतो, हे येथे विशेष स्पष्टपणे पाहता येते.

प्रदेश व पार्श्वभूमी : खारेपाटण हे विजयदुर्गच्या खाडीच्या वरच्या अंगास, कणकवली तालुक्यात वसलेले जुने व्यापारी गाव आहे. समुद्रमार्गे आलेला माल येथे उतरे व घाटमार्गाने देशावर जाई. येथे सापडलेले शिलाहारांचे ताम्रपट कोकणच्या इतिहासाची महत्त्वाची साधने ठरले आहेत. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याचा श. ९३० (इ. स. १००८) मधील ताम्रपट व उत्तर कोकणचा अनंतदेव याचा श. १०१६ (इ. स. १०९४) मधील ताम्रपट हे त्यांपैकी प्रसिद्ध होत. रट्टराजाच्या ताम्रपटात दानाची हकिगत सांगण्यापूर्वी राष्ट्रकूट व शिलाहार या घराण्यांची वंशावळ दिलेली आहे. दान देणारा कोण, हे सांगताना तो कोणत्या कुळातील, हे प्रथम सांगण्याची ही पद्धत राजघराण्यांपुरती मर्यादित नव्हती. कूळ, गोत्र वा देवक यांच्या उल्लेखाने माणसाची ओळख पटविण्याची रीत सर्वसामान्य कुटुंबांतही चालत आली असून विवाह हे तिचे प्रमुख स्थान आहे.

व्यापारामुळे खारेपाटणात हिंदूंबरोबर जैन व मुसलमान यांचीही वस्ती झाली. ब्रिटिश अमदानीत हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ असून साक्षरतेचे प्रमाण ८५.५६ टक्के होते. त्या वेळी राज्याचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १,०३६ होती. पुरुषांनी नोकरीधंद्यासाठी बाहेर राहण्याची या प्रदेशाची जुनी परंपरा या आकड्यातून सूचित होते.

विवाह व गावसंस्था : धर्मशास्त्राने विवाहाच्या बाबतीत स्थानिक आचारास प्रथमपासून मोठे स्थान दिले आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात विवाहविधीच्या निरूपणाच्या आरंभीच देशोदेशीचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे असून ते विवाहात पाळावेत, असे सांगितले आहे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे म. म. पां. वा. काणे हे स्वतः कोकणातील; त्यांनी आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) विवाहसंस्काराची जी चिकित्सा केली आहे, तीतूनही सूत्रकारांतील विधींचा क्रम व तपशील सर्वत्र सारखा नव्हता, हे दिसून येते. म्हणजे ग्रंथोक्त विधी व लोकाचार यांची सांगड ही पूर्वीपासूनच विवाहाच्या स्वरूपाचा भाग आहे.

दक्षिण कोकणात ही सांगड गावसंस्थेशी बांधलेली आढळते. रवळनाथ, सातेरी, भूमिका इ. ग्रामदेवता, त्यांचे मानकरी आणि ‘बारा-पाच’ या नावाने ओळखली जाणारी मानाची घराणी यांच्या आधारे गावरहाटी चालते. शुभकार्यापूर्वी देवापुढे पान-नारळ ठेवून गाऱ्हाणे घालण्याची चाल आहे. गाऱ्हाण्यात गावच्या देवतांना व पूर्वजांना साद घालून घरातील कार्य निर्विघ्न पार पडावे, अशी विनवणी केली जाते. महत्त्वाच्या बाबतीत देवाचा कौलही घेतात. त्यानंतर मुहूर्तमेढ, देवक बसविणे, हळद, सीमांतपूजन, अंतरपाट धरून मंगलाष्टके, कन्यादान, विवाहहोम व सप्तपदी असा क्रम जातीपरत्वे कमीअधिक फरकाने येतो. मराठा व इतर काही जातींत एकाच देवकाच्या कुटुंबांत विवाह होत नाहीत. ब्राह्मणांत गोत्र व प्रवर यांचा जसा विचार होतो, तसेच हे बंधन आहे.

या विधींत धार्मिक भागाबरोबर एक सामाजिक नोंदही होत असते. कोणास आमंत्रणाचा पहिला विडा द्यावयाचा, कोणत्या घराचा नारळ प्रथम, मामाचा मान कोणता, पाठराखीण कोणी जावयाचे, इ. गोष्टींतून गावातील व नात्यातील प्रत्येकाचे स्थान पुन्हा एकदा सर्वांसमक्ष मान्य केले जाते. विधी गाळणे म्हणजे केवळ एखादा मंत्र गाळणे नसून त्या विधीत ज्याचा मान असतो, त्याचे नाते नाकारणे होय, अशी भावना असते. विधींची काटछाट करण्यास घरातील सुशिक्षित तरुण तयार असूनही वडीलधारे का कचरतात, याचा उलगडा यावरून होतो.

नातेसंबंधांच्या दृष्टीने महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण भारत यांमधील संक्रमणप्रदेश आहे, असे इरावती कर्वे यांनी आपल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात (१९५३) दाखविले आहे. उत्तरेत निषिद्ध मानला जाणारा मामेबहिणीशी विवाह महाराष्ट्रातील अनेक जातींत ग्राह्य आहे. आतेबहिणीशी विवाह मात्र सामान्यतः टाळतात. भाचीला सून करून घेण्याच्या या चालीमुळे दोन घरांतील जुना संबंध पुढील पिढीत दृढ होतो. मुलगी अपरिचित घरात जात नाही, ही बाब आईबापांना विशेष महत्त्वाची वाटते.

ही प्रवृत्ती केवळ हिंदू धर्मातील कर्मकांडामुळे निर्माण झाली, असे म्हणता येत नाही. इस्लामी कायद्यानुसार निकाह हा मेहर ठरवून करावयाचा करार आहे. तरीही कोकणी मुसलमान कुटुंबांत हळदीचा समारंभ व बोलीभाषेतील लग्नगीते यांना स्थान राहिले. गोव्यातील ख्रिस्ती विवाहांत चर्चमधील विधीपूर्वी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ व वधूला बांगड्या भरण्याचा ‘चुडो’ हे समारंभ होतात. धर्मांतरानंतरही जे आचार राहिले, ते मुख्यतः आप्तांच्या सहभागाचे आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

स्थलांतर व विवाह : मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या काळात गिरण्या, गोदी, पोलीसदल, छापखाने व घरकाम यांसाठी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचा ओघ मुंबईकडे वाहू लागला. त्यातील फार मोठा भाग सहकुटुंब स्थलांतराचा नव्हता. चाकरमानी मुंबईस गाववाल्यांच्या सामाईक खोलीत राही. बायकामुले, आईवडील, शेती व देवघर गावी असे. मनिऑर्डरीने पैसा गावी येई आणि शिमगा, गणेशोत्सव व उन्हाळ्याची सुटी या काळात माणूस गावी येई.

एका कुटुंबाची अशी दोन ठिकाणे झाल्याने गावाशी असलेला हक्काचा संबंध टिकविणे आवश्यक झाले. नोकरी बेभरवशाची, शहरातील जागा भाड्याची. आजारपण, बेकारी व म्हातारपण यांत आधार गावच्या घराचाच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाच्या काळात अनेक कामगारांना तो घ्यावा लागला. दीर्घकाळ बाहेर राहणाऱ्याचा गावातील वाटा व मान यांना सर्वांसमक्ष उजाळा देणारा प्रसंग म्हणजे विवाह. त्यामुळे मुंबईत मिळविलेल्या पैशाचा मोठा भाग गावच्या लग्नकार्यात खर्च होई. विवाहांचा हंगामही शेती व स्थलांतर यांच्याशी जुळलेला होता. चातुर्मासात विवाह वर्ज्य. तोच भातशेतीचा काळ. तुळशीविवाहानंतर मुहूर्त सुरू होत आणि चाकरमानी गावी येण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत लग्नांची गर्दी होई.

आधुनिक साधनांनी या व्यवस्थेस धक्का न लावता तिला साहाय्यच केले. आगबोट, पुढे राज्य परिवहनाची बससेवा, मुंबई-गोवा महामार्ग व २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्रास अर्पण झालेली कोकण रेल्वे यांमुळे दूरच्या आप्तांना लग्नास येणे सुलभ झाले. छापील लग्नपत्रिकेमुळे आमंत्रितांचे वर्तुळ विस्तारले. शहरातील ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे व शिष्यवृत्त्यांबरोबर वधूवरसूचक मंडळेही चालविली. मालवण येथे जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये (१८९३—१९८३) यांनी जातिसंस्थेवरील आपल्या ग्रंथात (१९३२) ब्रिटिश अमदानीतील ज्ञातिसंघटनांमुळे जातीची जाणीव शिथिल न होता अधिक संघटित झाली, असे प्रतिपादन केले. विवाहाच्या क्षेत्रात त्याचा प्रत्यय स्पष्टपणे येतो. पूर्वी स्थळाचा शोध पंचक्रोशीतील नात्यांपुरता होता; तो ज्ञातिपत्रिका, वृत्तपत्रांतील जाहिराती आणि पुढे संगणकीय विवाहनोंदणी यांमुळे देशभर व परदेशांतही पोहोचला. शोधाचे क्षेत्र विस्तारले, परंतु त्यातील पहिले वर्गीकरण जातीचेच राहिले.

शिक्षणाचा परिणाम : शिक्षणाने विवाहाच्या सर्व अंगांवर सारखा परिणाम केला नाही. मुलामुलींच्या विवाहाचे वय वाढले, हा त्याचा सर्वांत ठळक परिणाम होय. वधूची संमती विचारली जाऊ लागली. मुलगी नोकरी करणारी असावी, अशी अपेक्षाही रूढ झाली. देण्याघेण्याच्या बाबतीत मात्र शिक्षणाचा परिणाम उलट झाला. महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मणेतर जातींत पूर्वी वराकडून वधूच्या पित्यास देज देण्याची चाल होती. शेतीत राबणाऱ्या मुलीच्या श्रमाचे मोल तीत अभिप्रेत असे. मुलगे शिकून कायम पगाराच्या नोकरीस लागले, तशी विसाव्या शतकात देजाची चाल मागे पडून वरदक्षिणा व हुंडा यांचा प्रसार झाला. शिकलेल्या वराची पदवी व नोकरी हीच हुंड्याची मोजदाद करण्याची साधने बनली. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतर उघड हुंड्याची जागा पुष्कळदा भेटवस्तू, दागिने, घरसामान व लग्नाचा खर्च यांनी घेतली.

विधवाविवाहाबाबतही असाच विपर्यास घडला. ज्या जातींत पाट लावण्याची म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती, त्यांपैकी काहींनी प्रतिष्ठा वाढविण्यासाठी उच्च मानलेल्या जातींचे अनुकरण करून ती सोडली. एकीकडे सुशिक्षित ब्राह्मण सुधारक विधवाविवाहाचा पुरस्कार करीत असताना दुसरीकडे पूर्वी मोकळ्या असलेल्या जातींत तो कमीपणाचा मानला जाऊ लागला.

आंतरजातीय विवाहांचे प्रमाण शिक्षणाच्या प्रमाणात वाढलेले नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ मधील पाहणीत देशातील अशा विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. याच पाहणीच्या आधारे दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी केलेल्या व २०१७ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात एक महत्त्वाची बाब निदर्शनास आली. वधूवरांच्या स्वतःच्या शिक्षणाचा आंतरजातीय विवाहाच्या शक्यतेशी लक्षणीय संबंध दिसला नाही. वराच्या आईच्या शिक्षणाचा मात्र दिसला. विवाहाचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, त्यांचे शिक्षण अधिक परिणामकारक ठरते, असा याचा अर्थ लावता येतो. मुलाने वा मुलीने पदवी मिळविली, तरी स्थळाचा होकार घराचा असेल, तर पदवीचा प्रभाव मर्यादितच राहतो.

कायदा व रूढी : विवाहविषयक कायद्यांनी काही रूढींना प्रतिबंध केला, तर काहींना आधारही दिला. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने मुलींची वयोमर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली. या कायद्यास रखमाबाईंच्या खटल्याची पार्श्वभूमी होती. बालवयात झालेला विवाह मान्य करून पतीकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ मध्ये सुरू झालेले हे प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटले. त्या पुढे इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ वर्षे ही मर्यादा घातली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ती अनुक्रमे १५ व १८, आणि १९७८ च्या दुरुस्तीने १८ व २१ झाली. सगोत्र विवाह १९४६ मध्ये व आंतरजातीय हिंदू विवाह १९४९ मध्ये केंद्रीय कायद्याने वैध ठरविण्यात आले.

तथापि हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार विवाह वधू वा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लागला पाहिजे. निषिद्ध नात्यांच्या बाबतीत रूढीचा अपवाद मान्य केल्यामुळे मामेबहिणीशी होणारा विवाह वैध राहिला. तसेच रूढीनुसार चालत आलेली काडीमोडही कायद्याने रद्द केली नाही. विधींचे वैधानिक महत्त्व भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (१९६५) प्रकर्षाने दिसले. पहिली पत्नी हयात असता पतीने गांधर्व पद्धतीने दुसरा विवाह केला होता. होम व सप्तपदी हे आवश्यक विधी झाले नाहीत आणि ते गाळण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून दुसरा विवाह कायद्याच्या दृष्टीने लागलाच नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने द्विभार्या प्रतिबंधाखालील शिक्षा रद्द केली. विधी अपुरे राहिल्याचा लाभ पतीस झाला. एप्रिल २०२४ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने, आवश्यक विधी न करता केवळ नोंदणीचा दाखला घेतल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असा निर्वाळा दिला. यथासांग विधी, साक्षीदार व छायाचित्रे यांचा आग्रह मुलीचे आईबाप धरतात, त्यामागे धर्मश्रद्धेइतकीच ही सुरक्षिततेची जाणीव असते.

विधिनिरपेक्ष नोंदणी विवाहाचा मार्ग १८७२ च्या व नंतर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने उपलब्ध झाला. परंतु त्यासाठी तीस दिवसांची जाहीर सूचना द्यावी लागते. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध विवाह करणाऱ्यांस हीच अट अडचणीची ठरते. शिवाय या कायद्याखाली विवाह करणारा अविभक्त हिंदू कुटुंबातून विभक्त झाला, असे समजले जाई. वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असल्यास हे बंधन लागू नसावे, अशी दुरुस्ती १९७६ मध्ये झाली.

मालमत्तेच्या प्रश्नाशीही विवाहप्रथा निगडित आहेत. कोकणात जमिनीचे तुकडे लहान असून सातबारा उताऱ्यावर अनेक हिस्सेदारांची नावे असतात. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत सहदायाद म्हणून हक्क मिळाला, पण त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना तीतून वगळले होते. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद दूर झाला. प्रत्यक्षात अनेक बहिणी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. माहेरचा आधार, सणावारी येणे-जाणे व मुलांच्या लग्नात मामाचा मान या गोष्टी टिकाव्यात, ही त्यामागील अपेक्षा असते. अशा प्रकारे वारसाहक्काचा त्याग व विवाहातील मानपान यांचा परस्परसंबंध असून त्याची किंमत बहुतांशी स्त्रीच देते.

सुधारणेचे प्रयत्न : विवाहसुधारणेच्या इतिहासात एकट्या व्यक्तीने प्रथा मोडणे व समूहाने ती सोडणे यांचे परिणाम अगदी भिन्न झालेले दिसतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. ते पुण्यात प्राध्यापक होते; परंतु त्यांच्या मुरूड या गावी बहिष्काराचा ठराव झाला आणि त्याची झळ गावी राहणाऱ्या त्यांच्या आप्तांना लागली. शहरात नोकरी करणारा सुधारक स्वतः निभावून नेऊ शकतो. दंड मात्र गावच्या घरास भोगावा लागतो. चाकरमान्यांच्या कोकणात ही भीती विशेष प्रभावी होती. जातपंचायती व गावकी यांच्याकडून होणाऱ्या अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

याउलट महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना विवाह लावण्याची पद्धत अनुयायांच्या समूहात रूढ केली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला असा पहिला विवाह पुण्यात झाला. ग्रामजोश्यांनी दक्षिणेचा वतनी हक्क सांगून अशा विवाहांना न्यायालयांत विरोध केला. रा. ब. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळात १९२६ मध्ये झालेल्या कायद्याने, ज्याची सेवा घेतली नाही, त्यास दक्षिणा देण्याची सक्ती संपुष्टात आली. विधवांच्या केशवपनाबाबत १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने न्हावी समाजाने सभा घेऊन हे काम न करण्याचा निश्चय केला. ज्यांच्या हातून प्रथा पाळली जाई, त्यांच्याच समूहाने दिलेला हा नकार होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या निबंधात आंतरजातीय विवाह हाच जातिभेदावरील खरा उपाय असल्याचे प्रतिपादिले. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाने मुहूर्त, होम इ. टाकून त्रिशरण-पंचशीलावर आधारलेला साधा विवाहविधी स्वीकारला. शतकानुशतकांचे विधी एका पिढीत बदलले, कारण संपूर्ण समाजाने ते एकत्र सोडले. वधूवरांच्या निवडीचे क्षेत्र मात्र तितक्या लवकर विस्तारू शकले नाही. त्यासाठी दुसऱ्या समाजाचीही संमती लागते.

अशाच प्रकारचे उदाहरण चीनमध्ये आढळते. मुलींची पावले बांधून लहान ठेवण्याची तेथील चाल विवाहातील प्रतिष्ठेशी निगडित होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या संस्थांतील कुटुंबांनी, आपल्या मुलींची पावले बांधणार नाही व पावले बांधलेल्या मुलीशी आपल्या मुलाचा विवाह करणार नाही, अशी दुहेरी शपथ घेतली. चाल मोडणाऱ्या मुलीस वर मिळण्याची हमी त्यामुळे निर्माण झाली आणि बहुतेक भागांत ही चाल एकदोन पिढ्यांत लयास गेली.

महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनीही असेच करावे, असे आवाहन शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून केले. हळद-कुंकू व ओटीभरण यांतून विधवांना दूर ठेवण्याची चाल विवाहसमारंभाशी निगडित असल्याने या ठरावास विशेष महत्त्व आहे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मागे उभ्या राहणाऱ्या विधवा आईस पुढे बोलावण्याचे धैर्य एका घरास होत नाही. गावाचा ठराव असेल, तर ते सोपे होते.

परंपरेचे नवे रूप : टिकून राहिलेली प्रत्येक प्रथा जुनीच असते, असे नाही. इंग्लंडमधील वधूच्या पांढऱ्या पोषाखाची चाल राणी व्हिक्टोरियाच्या विवाहानंतर (१८४०) रूढ झाली. जपानमधील शिंतो पद्धतीचा विवाहसमारंभ युवराजांच्या १९०० मधील विवाहानंतर लोकप्रिय झाला. महाराष्ट्रातही घरापुढील मांडवाऐवजी मंगल कार्यालय, पंगतीऐवजी उभ्याचे जेवण आणि उत्तर भारतीय धर्तीचे मेंदी व संगीत हे समारंभ आले आहेत. पूर्वी वाडीतील माणसे श्रमाने मदत करीत. मांडव घालणे, पाणी भरणे, वाटण वाटणे ही कामे परस्परसहकार्याने होत. ती आता पैसे देऊन केली जातात. त्यामुळे विधी तोच राहूनही त्याचा आर्थिक भार एकट्या कुटुंबावर, बहुधा वधूपित्यावर, पडतो. प्रथेचे सातत्य म्हणून जे दिसते, त्यात हा फरक लपलेला असतो.

मूल्यमापन : समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या सांस्कृतिक पश्चगतीच्या सिद्धांतानुसार भौतिक बदलांच्या मानाने आचारविचार मागाहून बदलतात. विल्यम गूड यांनी १९६३ मध्ये औद्योगिकीकरणाबरोबर जगभर पतिपत्नीकेंद्रित कुटुंबाकडे कल वाढेल, असे मत मांडले. दक्षिण कोकणच्या अनुभवावरून या उपपत्ती अपुऱ्या वाटतात. येथे प्रथा मागे रेंगाळल्या नाहीत. गाव व शहर यांत विभागलेल्या कुटुंबाची गरज भागवीत त्या नव्या परिस्थितीतही कार्यरत राहिल्या.

विवाह हा दोन व्यक्तींप्रमाणेच दोन आप्तसमूहांचाही व्यवहार आहे. एखादी चाल अयोग्य आहे, हे वधूवर व त्यांचे पालक या सर्वांस पटलेले असूनही, इतर ती पाळतील या अपेक्षेने प्रत्येक जण ती पाळतो. हुंडा न घेणाऱ्याच्या मुलास वैगुण्य असेल आणि थाटमाट न करणाऱ्याची ऐपत नसेल, असा समज असतो, तोवर एकट्याने माघार घेणे महाग पडते. म्हणून शिक्षण हे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. ते व्यक्तीचे मत बदलते. प्रथा मात्र परस्परांच्या अपेक्षांवर उभी असते. या अपेक्षा जेथे गाव, ज्ञाती वा समाज यांनी एकत्रितपणे बदलल्या, तेथे जुन्या प्रथा थोड्या वर्षांत सुटल्या; जेथे त्या बदलल्या नाहीत, तेथे पदवीधरही रूढीस अनुसरतात.

सर्वच सातत्य हानिकारक मानण्याचे कारण नाही. गाऱ्हाणे, हळदीची गाणी, मामाचा मान यांतून दूर गेलेली माणसे एकत्र येतात व बोलीभाषेचा ठेवा जतन होतो. प्रश्न उरतो तो ज्या प्रथांचा भार एकाच पक्षावर पडतो त्यांचा, म्हणजे हुंडा, वधूपक्षाचा खर्च, विधवेचा अव्हेर व जातीची सक्ती यांचा. या दोन प्रकारच्या प्रथांत विवेक करून दुसऱ्या प्रकारच्या प्रथा सामूहिक निर्णयाने सोडणे, हा विवाहसुधारणेच्या चळवळीचा अपुरा राहिलेला भाग होय.